पिप, एनपीएम, कार्गो : एका कमांडच्या पोटात काय काय!

अंधेरीचं सीप्झ असो, मालाडचं माइंडस्पेस असो की पवईतलं एखादं छोटं स्टार्टअप, उपनगरातल्या प्रोग्रामरच्या दिवसात एक कमांड हमखास येते. पायथनवाले ‘पिप इन्स्टॉल’ म्हणतात, जावास्क्रिप्टवाले ‘एनपीएम इन्स्टॉल’, रस्टवाले ‘कार्गो बिल्ड’. एंटर दाबायचा अवकाश, जगभरातल्या अनोळखी लोकांनी लिहिलेला कोड काही सेकंदांत आपल्या मशीनवर हजर! ही किमया करतात त्या त्या भाषेचे पॅकेज मॅनेजर. त्यांचे फायदे आणि तोटे एकाच मुळातून येतात. कोड लिहिणारा आणि वापरणारा यांच्यामध्ये बहुतेक वेळा तपासणारं कुणी नसतं. मधला माणूस नाही म्हणून वेग आहे आणि मधला माणूस नाही म्हणूनच धोकाही आहे. हे उलगडून दाखवणाऱ्या या पंधरा गोष्टी, त्यातल्या काही आपल्या उपनगरांतल्याच.

१. पहिला मान पर्लचा

दुसऱ्याचा कोड हवा असेल तर एकेकाळी न्यूजग्रुप धुंडाळायचे, एफटीपी सर्व्हर शोधायचे, फाइल उतरवायची आणि ती चालावी म्हणून रात्र घालवायची. १९९५ मध्ये पर्ल भाषेच्या मंडळींनी सीपॅन सुरू केलं. एकच पत्ता, जगभर त्याच्या प्रती आणि सगळा कोड एका छताखाली. छपाईच्या टेक प्रणालीचं सीटॅन हे कोठार त्याआधीच होतं, त्याच धर्तीवर हे उभं राहिलं. पुढे एकेका भाषेने तीच वाट धरली. पायथनचं पायपीआय २००३ मध्ये आलं, एनपीएम २०१० मध्ये, पीएचपीचं कम्पोझर २०१२ मध्ये, रस्टचं क्रेट्स डॉट आयओ २०१४ मध्ये. रुबी भाषेचं रुबीजेम्स तर १४ मार्च २००४ ला, म्हणजे पाय दिनाचा मुहूर्त साधून लोकांसमोर आलं!

२. जुहूने आधीच दिलेला धडा

भारताची ‘डॉट इन’ ही इंटरनेटवरची ओळख सुरुवातीला कुठून सांभाळली जायची? जुहूच्या गुलमोहर क्रॉस रोडवरच्या एनसीएसटी या संस्थेतून. पुढे ही संस्था सी-डॅकमध्ये विलीन झाली. त्या काळात नाव मिळवण्याचे नियम कडक होते. अर्ज तपासला जायचा, पात्रता पाहिली जायची. परिणामी १९९२ ते २००४ या काळात जेमतेम ७ हजार नावं नोंदली गेली. २००५ मध्ये नियम सैल झाले आणि २०१० पर्यंत आकडा ६ लाखांच्या पुढे गेला. पॅकेजांच्या जगातही हेच घडलं. आर भाषेच्या क्रॅन या कोठारात पॅकेज स्वीकारण्याआधी तपासणी होते. एनपीएमवर खातं उघडलं की लगेच पॅकेज चढवता येतं, म्हणून तिथे आज २० लाखांहून अधिक पॅकेजं आहेत. दार उघडं ठेवलं की गर्दी होणारच, चांगल्यांची आणि वाईटांचीही.

३. चीज नसलेलं चीजचं दुकान

पायपीआयचं जुनं टोपणनाव होतं ‘चीज शॉप’. पायथन भाषेचं नाव ज्या माँटी पायथन या विनोदी चमूवरून पडलं, त्यांच्या एका प्रहसनात चीजच नसलेलं चीजचं दुकान आहे. तिथून हे नाव आलं. आज पायथनची तयार पॅकेजं ज्या फाइलीत येतात तिला ‘व्हील’ म्हणतात, चीजच्या गोल चाकासारखी! या व्हीलचा फायदा मोठा आहे. पूर्वी सी भाषेतला भाग असलेलं पॅकेज आपल्याच मशीनवर कंपाइल करावं लागायचं. कम्पायलर नसला की लाल अक्षरांत एररचा पाऊस. व्हीलमध्ये तो भाग आधीच कंपाइल होऊन येतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असलेली बोरिवलीची मुलगी आज मिनिटभरात नमपाय बसवू शकते, त्यामागे ही मेहनत आहे.

४. अकरा ओळींनी जग अडलं

२२ मार्च २०१६. जगभरचे जावास्क्रिप्ट प्रकल्प एकाएकी बिल्ड होईनासे झाले. कारण होतं ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं अवघ्या ११ ओळींचं पॅकेज. काम काय, तर मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणं. अझर कोचुलू या प्रोग्रामरचा ‘किक’ या नावावरून एका मेसेजिंग कंपनीशी वाद झाला. एनपीएमने नाव कंपनीला दिलं, तेव्हा त्याने आपली २७३ पॅकेजं काढून घेतली. त्यातच लेफ्ट-पॅड होतं आणि बॅबेलसारखी बडी साधनं त्याच्यावर उभी होती. शेवटी एनपीएमने ते पॅकेज स्वतःहून परत आणलं आणि पॅकेज मागे घेण्याचे नियम कडक केले. पुढे २०१७ च्या जावास्क्रिप्ट प्रमाणकात हीच सोय भाषेतच आली.

५. सम की विषम? विचारा पॅकेजला

एनपीएमवर ‘इज-इव्हन’ नावाचं पॅकेज आहे. संख्या सम आहे का, एवढंच ते सांगतं. ते अवलंबून आहे ‘इज-ऑड’ या विषम ओळखणाऱ्या पॅकेजवर आणि ते अवलंबून आहे ‘इज-नंबर’वर. एका ओळीच्या गणितासाठी तीन पॅकेजं! पॅकेज घेणं इतकं सोपं झालं की स्वतः दोन ओळी लिहिण्यापेक्षा कुणाच्या तरी हजार ओळी ओढून आणणं स्वस्त वाटू लागतं. ही सोपेपणाची किंमत आहे. प्रत्येक नवं पॅकेज म्हणजे आणखी एका अनोळखी माणसावर टाकलेला विश्वास, हे कायम लक्षात ठेवायला हवं.

६. पवईतलं पोलाद पिपला का पेललं नाही?

आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पातून ‘ओस्डॅग’ हे मुक्त सॉफ्टवेअर तयार झालं. आयएस ८०० : २००७ या भारतीय मानकानुसार पोलादी बांधकामाचे जोड आणि भाग ते डिझाइन करतं. लिहिलंय पायथनमध्ये. मग पिपने बसवायला काय हरकत? हरकत अशी की त्रिमितीय आकृत्यांसाठी ते पायथनओसीसी वापरतं आणि त्याच्या मुळाशी सी प्लस प्लसमधलं अवजड भूमिती इंजिन आहे. असं मिश्र सामान सांभाळायला कोंडा हा पॅकेज मॅनेजर पुढे आला. तो पायथनच्या पलीकडचं सामानही बरोबर आणतो.

हीच अडचण ‘मायावी’नेही पाहिली आहे. आयआयटी मुंबईच्या एरोस्पेस विभागातले प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी घडवलेलं हे त्रिमितीय चित्रणाचं पायथन पॅकेज जगभरचे शास्त्रज्ञ वापरतात. तेही व्हीटीके या सी प्लस प्लसच्या मोठ्या लायब्ररीवर उभं आहे. भाषेपुरत्या पॅकेज मॅनेजरची हद्द इथे दिसते. आपल्या भाषेतलं सगळं त्याला ठाऊक असतं, पण भाषेची वेस ओलांडली की त्याचे हात तोकडे पडतात.

७. विद्याविहारचा ‘बेंच’

घाटकोपरशेजारच्या विद्याविहारमधली फ्रॅपे ही रुषभ मेहता यांनी सुरू केलेली कंपनी ईआरपीनेक्स्ट हे मुक्त सॉफ्टवेअर बनवते. कारखान्याचा माल, हिशेब, पगार, सगळं त्यात चालतं. ते बसवताना पायथनची पॅकेजं पायपीआयवरून येतात, जावास्क्रिप्टची यार्नमार्फत आणि मारियाडीबी, रेडिस ही मंडळी लिनक्सच्या ॲप्टमधून. एका सॉफ्टवेअरसाठी तीन पॅकेज मॅनेजर! या सगळ्यांना एका माळेत ओवायला फ्रॅपेने ‘बेंच’ नावाचं स्वतःचं साधन लिहिलं. त्याच्या फोल्डरमध्ये पायथनचं वेगळं वातावरण असतं, ॲप्सची वेगळी जागा असते, साइट्सची वेगळी.

फायद्याची बाजूही इथेच दिसते. भारताचे जीएसटीचे नियम सतत बदलतात. ईआरपीनेक्स्टच्या चौदाव्या आवृत्तीपासून तो भाग मूळ सॉफ्टवेअरमधून बाहेर काढून ‘इंडिया कॉम्प्लायन्स’ या स्वतंत्र ॲपमध्ये नेला. कराचा नियम बदलला की फक्त तेवढं ॲप अद्ययावत करायचं, बाकी गाडा जागेवरून हलवायची गरज नाही. लहान, सुटी पॅकेजं असण्याचा हा खरा लाभ.

८. गच्चीवरची टाकी की घरोघरची?

डेबियन किंवा उबंटूत ॲप्ट हा साऱ्या यंत्रणेचा पॅकेज मॅनेजर असतो. लायब्ररीची एकच प्रत सगळे प्रोग्राम वापरतात. मुलुंडच्या एखाद्या सोसायटीत गच्चीवर एकच सामाईक टाकी असावी तसं. ती साफ केली की सगळ्या घरांचं पाणी स्वच्छ. म्हणजेच सुरक्षेची दुरुस्ती एकदा केली की सगळ्यांना मिळते. पण मला आवृत्ती ३ हवी आणि शेजाऱ्याला आवृत्ती २, तर भांडण ठरलेलं. भाषेचे पॅकेज मॅनेजर घरोघरी वेगळी टाकी देतात. प्रत्येक प्रकल्पाची आवृत्ती वेगळी, भांडण मिटलं. पण आता साफसफाई ज्याची त्याने करायची.

दोन्ही टाक्या एकमेकींत मिसळल्या की घोळ होतो. जुन्या काळी ‘सुडो पिप इन्स्टॉल’ करून लोकांनी अनेक लिनक्स मशीनं बिघडवली. म्हणून जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून पिप थेट नकार देतो आणि वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवायला सांगतो. घरोघरच्या प्रतींनी डिस्क भरते, त्यावरही तोडगा निघाला. पीएनपीएम हा मॅनेजर प्रत्येक पॅकेजची एकच प्रत डिस्कवर ठेवतो आणि प्रकल्पांना तिचे दुवे देतो.

९. पॅकेज मॅनेजर सुडोकू सोडवतो!

‘क’ला ‘ख’ची आवृत्ती २ हवी, ‘ग’ला ‘ख’ची ३ सोडून कोणतीही चालेल, ‘घ’चं ‘ग’शी जमत नाही. अशा शेकडो अटींतून सगळ्यांना पटणारा संच शोधणं हे संगणकशास्त्रातल्या अतिकठीण प्रश्नांच्या वर्गात मोडतं. इतकं की हौशी मंडळींनी सुडोकूचे नियम पॅकेजांच्या अटींमध्ये लिहिले आणि पॅकेज मॅनेजरकडून कोडं सोडवून घेतलं! पिप अनेक वर्षं पहिली सापडेल ती आवृत्ती बसवून मोकळा व्हायचा. २०२० मध्ये त्याने खरा हिशेब करणारा रिझॉल्व्हर स्वीकारला. त्या दिशेच्या कामात प्रद्युन गेडाम हा भारतीय विद्यार्थी २०१७ च्या गूगल समर ऑफ कोडमधून सामील झाला होता. यूव्ही हा रस्टमध्ये लिहिलेला नवा, कमालीचा वेगवान मॅनेजर तर अटी जमल्या नाहीत तर त्या का जमल्या नाहीत हेही साध्या वाक्यांत सांगतो.

१०. ‘सगळंच’ इन्स्टॉल करायचंय?

२०२३ च्या शेवटी एनपीएमवर ‘एव्हरीथिंग’ नावाचं पॅकेज अवतरलं. ते एनपीएमवरच्या झाडून सगळ्या पॅकेजांवर अवलंबून होतं. बसवायला गेलं की डिस्क भरून जायची. पण खरी पंचाईत वेगळीच. लेफ्ट-पॅडनंतरच्या नियमानुसार ज्यावर दुसरं पॅकेज अवलंबून आहे ते मागे घेता येत नाही. आणि आता तर प्रत्येक पॅकेजवर ‘एव्हरीथिंग’ अवलंबून! त्यामुळे काही काळ कुणालाच आपलं पॅकेज काढता येईना. अखेर एनपीएमने हस्तक्षेप केला. एका संकटानंतर केलेला नियम पुढच्या गुंत्याचं कारण ठरला.

११. एका डॅशचा घोटाळा

२०१७ मध्ये एनपीएमवर ‘क्रॉसएन्व्ह’ नावाचं पॅकेज सापडलं. खरं पॅकेज मधे डॅश असलेलं. घाईत डॅश राहिला की खोटं पॅकेज यायचं आणि मशीनवरच्या गुप्त किल्ल्या बाहेर पाठवायचं. २०२१ मध्ये ॲलेक्स बिर्सान या संशोधकाने याहून साधी युक्ती दाखवली. कंपन्यांच्या आतल्या खासगी पॅकेजांच्या नावांची पॅकेजं त्याने सार्वजनिक कोठारात ठेवली. ॲपल, मायक्रोसॉफ्टसह ३५ हून अधिक कंपन्यांच्या यंत्रणांनी ती मुकाट उचलली! आता नवी भर पडली आहे एआयची. चॅटबॉट कधीकधी अस्तित्वात नसलेल्या पॅकेजचं नाव ठामपणे सुचवतो आणि भामटे नेमकं तेच नाव नोंदवून ठेवतात. नाव टाइप करण्यापूर्वी एकदा कोठारात जाऊन पाहा. त्याला अर्धा मिनिटही लागत नाही.

१२. एक खातं फुटलं, २०० कोटी डाउनलोड हादरले

८ सप्टेंबर २०२५ ला एका प्रामाणिक मेंटेनरला एनपीएमच्या नावाने बनावट ईमेल आला आणि त्याचं खातं चोरांच्या हाती गेलं. ‘चॉक’, ‘डीबग’ यांसारख्या १८ पॅकेजांत विषारी कोड घुसला. त्यांचे मिळून आठवड्याला २०० कोटींहून अधिक डाउनलोड होत होते. सुदैवाने काही तासांत तो कोड काढला गेला. त्याआधी २०१८ मध्ये ‘इव्हेंट-स्ट्रीम’ या पॅकेजच्या थकलेल्या लेखकाने मदतीला आलेल्या अनोळखी माणसाच्या हाती पॅकेज सोपवलं. त्याने बिटकॉइनच्या कोपे या वॉलेटवर डल्ला मारणारा कोड गुपचूप आत सरकवला. दोन्ही वेळा हल्ला कोडच्या चुकीतून झाला नाही, तो एका दमलेल्या किंवा गाफील क्षणातून झाला.

१३. मधला माणूस असूनही

मग मधला माणूस राखणारं जुन्या पद्धतीचं डेबियन पूर्ण सुरक्षित का? तसंही नाही. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचने लॉगिन करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा उशीर जाणवला. तो त्यामागे लागला आणि ‘एक्सझेड’ या फाइली आकुंचित करणाऱ्या साधनात पेरलेलं चोरदार उघडं पडलं. ते डेबियनच्या चाचणी आवृत्त्यांपर्यंत पोहोचलं होतं. मात्र स्थिर आवृत्तीत जाण्याआधीच सापडलं. मधल्या टप्प्यांनी जो वेळ मिळवून दिला, त्यानेच जगाला वाचवलं. यातून एक धडा भाषांच्या पॅकेज मॅनेजरनीही घेतला. पीएनपीएममध्ये आता ‘नवी आवृत्ती अमुक इतकी जुनी झाल्याशिवाय घेऊ नकोस’ असं सांगता येतं आणि इन्स्टॉल होताना आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टही तो मुळात थांबवूनच ठेवतो.

१४. बीकेसीतून आलेला हुकूम

डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या लॉगफोरजे या लायब्ररीत भयंकर भगदाड सापडलं. जगभरच्या कंपन्यांना पहिला प्रश्न पडला तो हा, की ही लायब्ररी आपल्याकडे नेमकी कुठे कुठे आहे? अनेकांकडे उत्तर नव्हतं. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या सेबीने ऑगस्ट २०२४ मध्ये सायबर सुरक्षेची नवी चौकट जाहीर केली. त्यात शेअर बाजाराशी संबंधित संस्थांकडून सॉफ्टवेअरमधल्या घटकांची यादी, म्हणजे एसबॉम, मागितली आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनेही त्याच वर्षी त्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. इथे पॅकेज मॅनेजर वरदान ठरतो. कोणतं पॅकेज, कोणती आवृत्ती, कुणामुळे आलं, हे सगळं मॅनेजरने बनवलेल्या लॉक फाइलमध्ये आधीच लिहिलेलं असतं. हाताने कॉपी करून चिकटवलेल्या कोडची अशी यादी कुणाला कधीच करता आली नसती.

१५. कोड लिहिणाऱ्यालाही घर असतं

जानेवारी २०२२ मध्ये ‘कलर्स’ आणि ‘फेकर’ या गाजलेल्या पॅकेजांच्या लेखकाने स्वतःच आपला कोड मोडला. फुकट राबवून घेणाऱ्या बड्या कंपन्यांवरचा राग त्याने आधीच बोलून दाखवला होता. त्याच्या मार्गाने हजारो निरपराध प्रकल्प अडले, म्हणून त्याचं समर्थन होत नाही. पण फुकट राबणाऱ्याला मोबदला कोण देणार, हा प्रश्न खरा आहे. झिरोधा या शेअर दलाली कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘फ्लॉस फंड’ जाहीर केला आणि मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलर बाजूला काढले. ज्याच्या कोडवर आपला धंदा चालतो त्याला परत काही देण्याची ही रीत आपल्या देशात रुजू लागली, याचा मनापासून आनंद वाटतो.

आजच लावून घ्या या सवयी

* लॉक फाइल गिटमध्ये ठेवा. सर्व्हरवर ‘एनपीएम सीआय’सारखी तिचं तंतोतंत पालन करणारी कमांड वापरा.
* प्रत्येक पायथन प्रकल्पाला वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट द्या.
* नवं पॅकेज घेण्यापूर्वी तीन गोष्टी पाहा : नावाचं स्पेलिंग, शेवटचा बदल कधी झाला, आणि त्याच्यामागून आणखी किती पॅकेजं येतात.
* पाच-दहा ओळींत होणारं काम स्वतः लिहा.
* कोठारातल्या खात्याला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा. पायपीआयने तर १ जानेवारी २०२४ पासून ते सक्तीचंच केलं आहे.
* ज्या पॅकेजवर रोज काम चालतं त्याच्या लेखकाला बग कळवा, दुरुस्ती पाठवा, जमलं तर पैसेही पाठवा.

भाषांचे पॅकेज मॅनेजर नसते तर कांदिवलीच्या घरात बसून जगाच्या तोडीचं सॉफ्टवेअर लिहिणं आपल्या मुलामुलींना इतकं सहज जमलं नसतं. म्हणून त्यांना नावं ठेवून भागणार नाही आणि डोळे मिटून वापरूनही चालणार नाही. मधला माणूस यंत्राने काढून टाकला आहे. आता त्याची तपासणी, त्याची सावधगिरी आणि त्याची कृतज्ञता ही एंटर दाबणाऱ्या प्रत्येकाची जबाबदारी आहे.